परकीय रहिवासी आणि ‘आधार’ : इंदूरच्या निमित्ताने

इंदूर शहराचा आणि परदेशांतून आलेल्या माणसांचा संबंध जुना आहे. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी इंदूरच्या विकासाचा अहवाल तयार केला आणि तो १९१८ साली प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधून आलेले कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात येथेच राहून काडीकचरा व शेण यांपासून उत्तम खत तयार करण्याची रीत बसविली. आपले शेतकरी ती आजही ‘इंदूर पद्धत’ या नावानेच ओळखतात. १९३० नंतरच्या काही वर्षांत माणिकबाग राजवाडा उभा राहिला, तो जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यांच्या कल्पनेतून. अशा पाहुण्यांची ओळख दरबारालाही होती आणि गावालाही होती. त्यांना स्वतःची ओळख पटवून देण्यासाठी खिशात काही बाळगावे लागत नव्हते.

आज परिस्थिती पालटली आहे. शहरे वाढली, शेजारी शेजाऱ्याला ओळखेनासा झाला आणि बँकेच्या खिडकीपासून रुग्णालयाच्या नोंदणीकक्षापर्यंत प्रत्येक ठिकाणी ओळखीचा पुरावा मागितला जाऊ लागला. भारतीय नागरिकाची ही गरज बव्हंशी ‘आधार’ क्रमांकाने भागते. परंतु जो माणूस भारतात राहतो, पण भारताचा नागरिक नाही, त्याने काय करावे? त्याला आधार मिळतो काय? मिळत असल्यास किती काळासाठी? मोबाईलमधील आधारच्या ॲपचा उपयोग त्याने कसा करावा? आणि त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या शिक्षकाने, ग्रामसेवकाने किंवा बँकेच्या अधिकाऱ्याने त्या आधारचा अर्थ काय लावावा? या प्रश्नांसंबंधी समाजात बरेच अज्ञान व काही गैरसमज आढळून येतात. ते दूर करणे हा या लेखाचा हेतू आहे.

परकीय रहिवासी कोण?

‘परकीय’ म्हटले की गोरा पर्यटक डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात इंदूरसारख्या शहरात या शब्दाखाली येणारी बहुतेक माणसे दिसायला-बोलायला आपल्यासारखीच असतात. त्यांचे ढोबळमानाने चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग, मूळ भारतीय पण आता अन्य देशाचे नागरिकत्व घेतलेल्यांचा. होळकरशाहीपासून इंदुरात स्थायिक असलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांतील मुलेमुली अमेरिका, इंग्लंड, कॅनडा येथे गेली आणि तिकडची नागरिक झाली. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेताच भारताचे नागरिकत्व संपुष्टात येते. अशांसाठी ‘भारताचे परदेशस्थ नागरिक’ हे कार्ड असते. त्यालाच ओसीआय कार्ड म्हणतात. या नावात ‘नागरिक’ हा शब्द असला, तरी कार्डधारकाला मतदानाचा अधिकार नसतो व शेतजमीन विकत घेता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये सतरावा प्रवासी भारतीय दिवस इंदूर येथेच साजरा झाला, तेव्हा अशी अनेक कुटुंबे या शहरात एकत्र आली होती.

दुसरा वर्ग नेपाळ व भूतान येथील नागरिकांचा. त्यांना भारतात येण्यासाठी व्हिसा लागत नाही. तिसरा वर्ग शिक्षण, नोकरी, संशोधन यांसाठी व्हिसा घेऊन राहणाऱ्यांचा. आणि चौथा, इंदूरच्या दृष्टीने फार महत्त्वाचा वर्ग, पाकिस्तानातून, विशेषतः सिंध प्रांतातून आलेल्या व दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या हिंदू कुटुंबांचा. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

भारताचे पारपत्र धारण करणारा, पण नोकरीनिमित्त परदेशी राहणारा माणूस परकीय नव्हे. तो अनिवासी भारतीय होय. त्याच्यासाठीचे नियम वेगळे आहेत.

आधार म्हणजे काय, आणि काय नव्हे

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. त्यानंतर २०१६ साली संसदेने आधार अधिनियम संमत केला. या अधिनियमाने आधार ‘नागरिकाला’ नव्हे, तर ‘रहिवाशाला’ दिलेला आहे. सारा विषय समजून घेण्याची किल्ली या एका शब्दात आहे. रहिवासी कोण, तर नावनोंदणीच्या अर्जापूर्वीच्या लगतच्या बारा महिन्यांत जो एकूण १८२ दिवस किंवा त्याहून अधिक काळ भारतात राहिला असेल तो.

त्याच अधिनियमाच्या कलम ९ मध्ये असेही स्पष्ट म्हटले आहे की, आधार क्रमांकामुळे नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा कोणताही हक्क प्राप्त होत नाही व तो त्यांचा पुरावाही ठरत नाही. मतदारयादीच्या पुनरीक्षणासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर २०२५ रोजी आधार स्वीकारण्यास सांगितले, तेही ओळखीचा पुरावा म्हणून. तो नागरिकत्वाचा पुरावा नाही, ही गोष्ट न्यायालयाने तेव्हाही स्पष्ट केली.

या तरतुदीचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही सारखेच महत्त्वाचे आहेत. हातात आधार आहे म्हणून कोणी भारतीय ठरत नाही. त्याचप्रमाणे भारतीय नाही म्हणून कोणाच्या हातातील आधार खोटा ठरत नाही. पहिला अर्थ विसरला तर देशाची फसवणूक होऊ शकते. दुसरा विसरला तर कायद्याने राहणाऱ्या निरपराध माणसाची अडवणूक होते.

१८२ दिवसांचा हिशेब

हे १८२ दिवस सलग असण्याची आवश्यकता नाही. मध्ये परदेशी जाऊन आल्यास भारतातील मुक्कामाचे तेवढे दिवस एकत्र मोजावयाचे. उदाहरणार्थ, इंदूरच्या वृद्ध आईवडिलांची देखभाल करण्यासाठी अमेरिकेहून आलेली एखादी कन्या १ जून रोजी येथे उतरली आणि अखंड येथेच राहिली, तर २९ नोव्हेंबर हा तिच्या मुक्कामाचा १८२ वा दिवस होय. त्यापूर्वी अर्ज केल्यास तो मंजूर होणार नाही. ऑगस्टमध्ये ती वीस दिवस परत जाऊन आली असेल, तर तेवढे दिवस पुढे ढकलावे लागतील. पारपत्रावरील आगमन-निर्गमनाचे शिक्के यासाठी जपून ठेवावेत.

या सहा महिन्यांत तिचे व्यवहार अडावेत काय? मुळीच नाही. परदेशी पारपत्र व ओसीआय कार्ड ही तिची पुरेशी व सक्षम ओळख आहे. बँकेच्या ग्राहक-ओळखीच्या नियमांत पारपत्र हा मान्य दस्तऐवज आहे. त्यावर पत्ता नसेल, तर परकीय नागरिकाच्या बाबतीत त्याच्या देशाच्या शासकीय विभागाचे कागद किंवा भारतातील वकिलातीचे पत्र पत्त्यासाठी चालते. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बँक खात्यासाठी व मोबाईल जोडणीसाठी आधारची सक्ती रद्द केली, हेही ध्यानात ठेवावे. “आधार आणा, मगच बोला” असे उत्तर देणारा कर्मचारी नियमाला धरून वागत नाही.

नावनोंदणी कशी करावी?

परकीय रहिवाशांसाठी जानेवारी २०२४ पासून स्वतंत्र अर्ज आहेत. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी नमुना ७ आणि त्याखालील मुलांसाठी नमुना ८. भारतीयांसाठी असलेला अर्ज त्यांनी भरू नये. नेमकी हीच चूक पुढे मोठ्या त्रासाचे कारण होते. नोंदणी केंद्रात जाण्यापूर्वी तेथे परकीयांची नोंदणी होते किंवा कसे, याची चौकशी १९४७ या साहाय्य क्रमांकावर करावी.

बरोबर न्यावयाचे कागद वर्गानुसार बदलतात. ओसीआय कार्डधारकाने ते कार्ड व मुदतीतील परदेशी पारपत्र न्यावे. व्हिसावर राहणाऱ्याने पारपत्र व चालू व्हिसा, आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसाधारकाने तो दस्तऐवज सादर करावा. नेपाळ व भूतानच्या नागरिकाने आपल्या देशाचे पारपत्र द्यावे. ते नसेल तर त्या देशाचा नागरिकत्वाचा दाखला आणि भारतातील त्या देशाच्या वकिलातीने दिलेले मर्यादित मुदतीचे छायाचित्रयुक्त ओळखपत्र, असे दोन कागद लागतात. शिवाय भारतातील पत्त्याचा मान्य पुरावा व ई-मेलचा पत्ता देणे परकीयांना आवश्यक आहे. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांचे चित्र व चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. पाच वर्षांखालील मुलांचे ठसे व बुबुळ घेतले जात नाही. नवी नोंदणी विनामूल्य आहे. नंतरच्या दुरुस्तीसाठी १ ऑक्टोबर २०२५ पासून नाव, पत्ता इत्यादींकरिता ७५ रुपये व ठसे, बुबुळ इत्यादींकरिता १२५ रुपये आकार आहे. याहून अधिक मागणाऱ्या मध्यस्थाला दारात उभे करू नये.

नावाविषयी एक सूचना. परदेशी पारपत्रावर नाव जसे छापले आहे तसेच आधारवर यावे. माहेरचे आडनाव एका कागदावर व सासरचे दुसऱ्यावर असल्यास पुढे बँकेत व प्राप्तिकराच्या कामात अडचण येते. पावती हाती घेण्यापूर्वी पडद्यावरील मजकूर डोळ्यांखालून घालावा.

आधारची मुदत

भारतीय नागरिकाचा आधार तहहयात असतो. परकीय रहिवाशाचा तसा नसतो. ओसीआय कार्डधारक आणि नेपाळ-भूतानचे नागरिक यांचा आधार नोंदणीपासून दहा वर्षांसाठी असतो. व्हिसावर राहणाऱ्यांचा आधार त्या व्हिसाच्या मुदतीपुरताच असतो. व्हिसा संपला की त्याच्या आश्रयाने मिळालेला आधारही निरुपयोगी होतो. पुष्कळांना ही गोष्ट ऐनवेळी, पैसे काढावयाच्या वेळी किंवा घरभाड्याचा करार करताना कळते.

यास्तव परकीय रहिवाशाने दोन तारखा घरातील दिनदर्शिकेवर ठळकपणे लिहून ठेवाव्यात : एक व्हिसाच्या शेवटाची व दुसरी आधारच्या शेवटाची. व्हिसाची मुदत वाढवून मिळताच नवा कागद घेऊन आधारमध्येही तशी नोंद करून घ्यावी. एका कार्यालयाने दिलेली मुदतवाढ दुसऱ्या कार्यालयाला आपोआप कळेल, या भरवशावर राहू नये.

मोबाईलमधील आधार

कागद घडी घालून खिशात बाळगण्याचे दिवस आता सरत आले आहेत. २०१७ साली ‘एम-आधार’ हा ॲप आला आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ‘आधार’ याच नावाचा नवा ॲप सर्वांना उपलब्ध झाला. परकीय रहिवाशासाठी वेगळा ॲप नाही. भारतीय व परकीय दोघेही तोच वापरतात. तो अधिकृत भांडारातूनच घ्यावा. कोणी संदेशातून पाठविलेल्या दुव्यावरून घेऊ नये.

ॲप सुरू करताना आधार क्रमांक द्यावा लागतो. आधारमध्ये नोंदविलेला मोबाईल क्रमांक त्याच फोनमध्ये आहे काय, हे तपासले जाते. मग फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून ओळख पटवावी लागते आणि शेवटी स्वतःचा गुप्त अंक ठरवावा लागतो. परकीयांची अडचण बहुधा दुसऱ्याच पायरीवर होते. नोंदणीच्या वेळी त्यांनी परदेशातील क्रमांक सांगितलेला असतो, किंवा एखाद्या नातेवाइकाचा दिलेला असतो. म्हणून नोंदणीपूर्वीच पारपत्र व व्हिसा दाखवून स्वतःच्या नावावर भारतातील मोबाईल क्रमांक घ्यावा व तोच आधारला जोडावा. परदेशी जाताना तो क्रमांक बंद पडू देऊ नये.

ॲपचे खरे महत्त्व माहिती दाखविण्यात नसून ती झाकण्यात आहे. छायाप्रत दिली की नाव, पत्ता, जन्मतारीख व संपूर्ण क्रमांक परक्याच्या हाती जातो आणि ती प्रत पुढे कोठे फिरते याचा पत्ता लागत नाही. ॲपमध्ये मात्र हवी तेवढीच माहिती चौकटीच्या चिन्हाद्वारे, म्हणजे क्यूआर कोडद्वारे, समोरच्याला देता येते. क्रमांकाचे फक्त शेवटचे चार अंक दिसतील अशी प्रतही काढता येते. मूळ क्रमांकाऐवजी सोळा अंकी आभासी क्रमांक देण्याची सोय २०१८ पासून आहे. ठसे व बुबुळ यांना ॲपमधून कुलूप लावता येते आणि गरजेपुरते ते उघडता येते. एकाच मोबाईल क्रमांकावर नोंदलेल्या कुटुंबातील पाच जणांपर्यंत माहिती एका फोनमध्ये ठेवता येत असल्याने वृद्ध आईवडील व मुले यांची सोय होते.

तपासणाऱ्यानेही एक पथ्य पाळावे. फोनवर दिसणारे चित्र खरेच ॲपमधील आहे की नुसते छायाचित्र, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून चौकट वाचून खात्री करावी. आणि ज्याने ॲपमधून ओळख पटविली त्याच्याकडे पुन्हा कागदाची छायाप्रत मागू नये.

सीमेपलीकडून आलेली कुटुंबे

फाळणीनंतर सिंधमधून विस्थापित झालेल्यांच्या वसाहती इंदुरात वसल्या, जशा महाराष्ट्रात उल्हासनगर येथे वसल्या. त्यांचे आप्त पुढेही येत राहिले व दीर्घ मुदतीच्या व्हिसावर येथे राहिले. त्यांतील कित्येकांना भारतीय नागरिकत्व मिळण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. दरम्यान दुकान कोणाच्या नावाने टाकावे, मुलाचे खाते कोठे उघडावे, रुग्णाला कोणत्या कागदावर दाखल करावे, असे साधे प्रश्नही त्यांच्यापुढे डोंगराएवढे उभे राहत.

केंद्र शासनाने २०१६ साली या वर्गाला काही महत्त्वाच्या सवलती दिल्या. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथील अल्पसंख्याकांना बँकेत खाते उघडणे, स्वतःच्या निवासासाठी घर घेणे, स्वयंरोजगार करणे, वाहन चालविण्याचा परवाना, पॅन व आधार मिळविणे या गोष्टी शक्य झाल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले. त्यांत मध्य प्रदेशातील भोपाळ व इंदूर आणि महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे, पुणे व नागपूर या जिल्ह्यांचा समावेश होता. पुढे २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा अधिनियमाचे नियम ११ मार्च २०२४ रोजी जारी झाले. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या, त्या अधिनियमात नमूद केलेल्या समाजांतील व्यक्तींसाठी तो मार्ग आहे.

कागदाचे मोल किती असते, हे एप्रिल २०२५ मध्ये दिसून आले. पहलगाम येथील हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द करण्यात आले. त्या वेळी, हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधीच दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील, असा खुलासा परराष्ट्र मंत्रालयाने केला. ज्या घरात व्हिसाचा कागद मुदतीत व व्यवस्थित होता, त्या घराला या खुलाशाचा खरा दिलासा मिळाला. त्या प्रसंगी आधार दाखवून उपयोग नव्हता. राहण्याचा हक्क व्हिसातून येतो, आधारमधून नव्हे. आधार हा फांदीसारखा आहे आणि व्हिसा हे त्याचे मूळ आहे. मुळाकडे दुर्लक्ष करून फांदीला पाणी घालणे व्यर्थ होय.

आणि ज्या दिवशी नागरिकत्वाचे प्रमाणपत्र हाती येईल, त्या दिवसानंतर आधारमधील नोंदही बदलून घ्यावी. अन्यथा नागरिक झालेला माणूस कागदोपत्री मुदतीचा पाहुणाच राहतो.

शिक्षक, अधिकारी व ग्रामस्थ यांनी लक्षात ठेवावे

शाळेच्या दारात आलेल्या मुलाचे आईवडील कोणत्या देशाचे, हा प्रश्न त्याच्या प्रवेशाच्या आड येऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे शालेय प्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही. मुख्याध्यापकांनी मुलाचे नाव दाखल करून घ्यावे व पालकांना नमुना ८ ची माहिती द्यावी. तसेच आधारपत्रावरील जन्मतारीख ही जन्मतारखेचा पुरावा नाही, असे त्या पत्रावरच छापलेले असते. जन्मदाखला किंवा पारपत्र पाहून नोंद करावी.

अधिकाऱ्यांनी आधार पाहून शिधापत्रिका, मतदारयादीतील नाव किंवा अधिवासाचा दाखला देऊ नये, त्या-त्या बाबीच्या अटी स्वतंत्रपणे तपासाव्यात. खोटी माहिती देऊन दुसऱ्याच्या नावाने आधार मिळविणे हा अपराध असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु जो नियमाने आला, नियमाने राहिला व नियमाने नोंदला गेला, त्याला संशयिताप्रमाणे वागविणे हेही कर्तव्यात बसत नाही.

ग्रामस्थांच्या घरी परदेशातून मुलगा, सून, नातवंडे येतात. कोणी घराचा भाग परकीय भाडेकरूला देतो. अशा वेळी पाहुण्याचे पारपत्र व व्हिसा पाहून त्याच्या निवासाची माहिती विहित मुदतीत कळविणे हे घरमालकाचे काम आहे. आधार आहे म्हणून त्यातून सुटका होत नाही. १८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने स्वतः चौदा दिवसांच्या आत विदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावयाची असते. पाकिस्तानी नागरिकाला ही मुदत अवघी चोवीस तासांची आहे. ओसीआय कार्डधारकाला मात्र ही नोंद करावी लागत नाही.

ओळख पटविणे ही शासनाची गरज आहे, तशीच ती माणसाचीही गरज आहे. फोनच्या पडद्यावरील त्या लहानशा चौकटीमुळे एखाद्या वृद्ध मातेच्या औषधोपचाराची व्यवस्था वेळेवर होते, एखाद्या निर्वासित कुटुंबाला स्वतःच्या नावावर दुकानाचे खाते उघडता येते. ती चौकट काय सांगते व काय सांगत नाही, हे दोन्ही जाणणारा कर्मचारी आणि आपल्या मुदतीच्या तारखा जपणारा रहिवासी असे दोघे समोरासमोर आले, म्हणजे काम एका फेरीत होते. कायद्यालाही तेच अभिप्रेत आहे.